ज्योत्स्ना बघत नाहीये ना?

खरं सांगा, तुमच्या घरात मॅच लागली की कुणाला ना कुणाला जागेवरून उठवतात की नाही? "तू येऊन बसलीस आणि विकेट पडली, जा बरं आत!" असं आपण सगळेच कधी ना कधी बोललेलो आहोत. सगळं हसण्यावारी जातं. उठवलं गेलेलं माणूसही हसतं. पण मंडळी, उठवतात कुणाला, हे कधी नीट बघितलंय? घरच्या कर्त्या पुरुषाला कुणी उठवत नाही. आलेल्या पाहुण्याला उठवत नाहीत. उठवतात ते सुनेला, धाकट्या बहिणीला, भावाकडे राहायला आलेल्या आत्याला.

जळगावच्या सुगंधाबाईंच्या घरीही हे असंच हसत हसत सुरू झालं. त्यांचा मुलगा भूपेंद्र बास्केटबॉलचा व्यावसायिक खेळाडू. आपल्याकडे पोरगा खेळतो म्हटलं की लोक क्रिकेटच धरून चालतात. अशा गावातून हा उंच, शांत मुलगा एका मोठ्या लीगमधल्या संघात करारावर खेळायला गेला होता. दुरून चेंडू टाकण्यात त्याचा हात धरणारं संघात कुणी नव्हतं. आणि फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर रेषेवर उभं राहून, समोर अडवायला कुणी नसताना टाकायचा चेंडू, तो तर भूपेंद्र गप्पा मारत टाकू शकतो असं त्याचे सोबती म्हणत.

उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. मुलगी धुळ्याची, ज्योत्स्ना. खासगी क्लासमध्ये गणित शिकवणारी, चटकन हसणारी, हिशेबात कुणाला न ऐकणारी. तिने जन्मात बास्केटबॉल पाहिला नव्हता. साखरपुडा झाल्यावर तिने मोबाईलवर बघून सगळे नियम शिकून घेतले आणि पहिल्याच भेटीत भूपेंद्रला असे प्रश्न विचारले, की तोच गडबडला. तेव्हाच ती त्याला फार आवडली.

लग्नानंतरच्या मोसमातली पहिलीच मॅच. मोबाईलवरचं थेट प्रक्षेपण टीव्हीला जोडलेलं. भूपेंद्रचे वडील, म्हणजे नाना, सुगंधाबाई, आत्या झुंबरबाई आणि शेजारचे भटूकाका समोर बसलेले. भटूकाकांचं पाइपांचं दुकान. दुकान बंद झालं की त्यांचा मुक्काम इथेच. ज्योत्स्ना चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, पडद्याकडे बघत उभी राहिली आणि त्याच वेळी भूपेंद्रचे दोन्ही फ्री थ्रो हुकले.

"सूनबाई, तुम्ही जरा आत जा बरं!" भटूकाका म्हणाले. "तुम्ही बाहेर आल्या अन् पोराचे दोन्ही गेले!"

सगळे हसले. ज्योत्स्नाही हसली आणि ट्रे ठेवून आत गेली. थोड्या वेळाने बाहेरून टाळ्या ऐकू आल्या. भूपेंद्रचा चेंडू आत गेला होता. "बघा! मी काय म्हटलं!" भटूकाकांनी मांडीवर थाप मारली. रात्री सुगंधाबाईंनी ही गंमत फोनवर लेकाला सांगितली. तोही खळखळून हसला.

इथवर कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढे, भूपेंद्रचा हात गेल्यावर.

हात गेला म्हणजे काही दुखापत झाली नव्हती. खेळाडूंच्या भाषेत हात जाणं म्हणजे कालपर्यंत बिनबोभाट होणारी गोष्ट आज होईनाशी होणं. चेंडू तोच, रिंग तेवढ्याच उंचीवर. पण मनगट नेमक्या क्षणी आखडायचं आणि चेंडू रिंगच्या कडेला लागून बाहेर यायचा. एका मॅचला झालं, दुसऱ्या मॅचला झालं. प्रशिक्षक म्हणाले, होतं असं, जाईल. सोबत्यांनी सल्ले दिले. कुणी म्हणालं कोपर आत घे, कुणी म्हणालं श्वास रोखून धर. भूपेंद्रने सगळ्यांचं ऐकलं आणि त्याचा स्वतःचा म्हणून जो काही ढंग होता तोही गेला. मग तो चेंडूला घाबरू लागला. बघणाऱ्याला कळणार नाही, पण मैदानावर तो मुद्दाम अशा कोपऱ्यात पळायचा, की जिथे चेंडू पोचणार नाही. पोचलाच तर हातात निखारा आल्यागत दुसऱ्याकडे ढकलून द्यायचा. दुरून टाकणारा खेळाडू टाकेनासा झाला, तर त्याला ठेवून करायचं काय?

माणसाला अपयश एकवेळ सोसतं. पण विनाकारण आलेलं अपयश सोसत नाही. रात्रंदिवस तो कारण शोधायला लागला, आणि शोधता शोधता त्याला ती गंमत आठवली.

एका मॅचच्या आधी त्याने घरी फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग आवाज बारीक करून त्याने आईला विचारलं, "ज्योत्स्ना बघत नाहीये ना?"

सुगंधाबाई या वेळी हसल्या नाहीत. "नाही नाही, ती आत आहे. तू निश्चिंत खेळ," असं त्या म्हणाल्या. त्या दिवशी भूपेंद्र बरा खेळला. झालं! गमतीचा नेम झाला. मॅच लागली की ज्योत्स्नाने स्वयंपाकघरात जायचं. स्वयंपाकघरात टीव्हीचा आवाज येतो म्हणून मग गच्चीवर जायचं. भूपेंद्रने तिला स्वतः सांगितलं, की मॅच चालू असेल तेव्हा मोबाईलही बंद ठेव. "तसं काही नसतं, मलाही कळतं," तो म्हणाला, "पण मन शांत राहतं माझं. एवढं करशील ना?"

नवऱ्याचं मन शांत राहावं म्हणून कोणती बायको एवढं करणार नाही? ती करत गेली. जेव्हा जेव्हा तो चांगला खेळला, तेव्हा घरचे म्हणाले, बघितलं, ती नव्हती. जेव्हा वाईट खेळला, तेव्हा म्हणाले, डोकावली असेल. "पायगुण" हा शब्द पहिल्यांदा कुणी उच्चारला ते आता कुणालाच आठवत नाही. तो उच्चारल्यावर कुणी हरकत घेतली नाही, हे मात्र सगळ्यांना आठवतं. दिवाळी झाल्यावर सुगंधाबाईंनी सुनेची बॅग भरली. "मोसम संपेपर्यंत माहेरी राहा बाई. वाईट वाटून घेऊ नको. पोराच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे."

ज्योत्स्नाने जळगावातली क्लासची नोकरी सोडली आणि ती धुळ्याला गेली. आणि तरीही भूपेंद्रचा चेंडू आत जाईना!

मोसमाच्या शेवटी शेवटी त्याला बाकावरच बसवत. संपल्यावर संघाने सांगितलं, की पुढचा करार आत्ताच करता येणार नाही. मार्चमध्ये शिरपूरच्या एका कॉलेजच्या बंदिस्त कोर्टवर शिबिर आहे, तिथे खेळ बघू आणि ठरवू. भूपेंद्र जळगावला परत आला तो अर्धा झालेला. बायकोला आणायला गेला नाही. दुपारभर पंख्याखाली छताकडे बघत पडून राहायचा. ताटावर बसून अर्धी भाकर चिवडून उठायचा. खेळ सोडून त्याला काही येत नव्हतं, आणि आता खेळही येत नव्हता. आपण जगायला नालायक आहोत, असं त्याला सकाळी डोळे उघडल्याबरोबर वाटायचं आणि दिवस मावळेपर्यंत ते वाटणं जायचं नाही.

रोज सकाळी तो जवळच्या शाळेच्या मैदानावर एकटाच सरावाला जायचा. आजूबाजूला चिटपाखरू नाही, टीव्ही नाही, प्रेक्षक नाहीत. तिथेही चेंडू बाहेर! शहाण्या माणसाने यावरूनच ओळखलं असतं, की दोष बघणाऱ्याचा नाही. पण मन खचलेला माणूस शहाणा कुठला राहायला! एका सकाळी बरेच चेंडू वाया गेल्यावर त्याने घामाच्या हातानेच धुळ्याला फोन लावला.

"ज्योत्स्ना, तू आत्ता माझा विचार करत होतीस का?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"नाही," मग ती हळूच म्हणाली. "विचार आला की मी कामाला लागते. आता विचारसुद्धा नाही करत मी. खरंच."

"बरं," भूपेंद्र म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. आपण बायकोला काय विचारलं आणि तिने काय उत्तर दिलं, हे त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

पण हे बोलणं घरातल्या एका माणसाने ऐकलं होतं. झुंबरआत्या मैदानाच्या कडेने दूध घेऊन येत होत्या. नवरा गेल्यापासून त्या भावाकडे राहायच्या. कुणाच्या अध्यातमध्यात नसायच्या. घरी आल्यावर त्यांनी भूपेंद्रला अंगणात गाठलं. बाकीचे जळगावचं मराठी बोलत, आत्या मात्र कधी आपली अहिराणी सोडत नसत.

"भूपेंद्र, तू पहिल्यांदा राज्याना संघमा खेळाले गया, तवय मी कोठे व्हतू, याद शे का तुले?"

"घरातच असशील, आत्या."

"घरमा नई. गच्चीवर व्हतू. तुनी मायनी सांगं, नवरा मरेल बाईनं तोंड पोर्‍याले दिसाले नको. आडव्या येऊ नका. मी वरथीन देखं तुले, रिक्षामा बसताना."

भूपेंद्र मान खाली घालून उभा राहिला. आईनेच विधवा आत्याला गच्चीवर पाठवलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे, आत्या त्या दिवशी कुठे होती, असं त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"तवयपाईन तू जवय जवय निंघना, मी कधी तुना समोर उनू नई. मंग सांग, तू बठ्ठा सामना जिंकना का?"

"सगळे कुठे जिंकलो, आत्या! पण तसं नाही..."

"मी दूर राह्यनू तरी तू हारना. ज्योत्स्ना दूर राह्यनी तरी तू हारना. आते कोनले हाकलशी? मायले?"

"आत्या, तुला खेळातलं काही कळत नाही!" भूपेंद्र चिडून म्हणाला. घरात कुणी आत्यांशी असं बोलत नसे.

आत्या चिडल्या नाहीत. दुधाची पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "खेळ माले समजत नई. पन बाजूले बसाडेल मानूसनं काय व्हस, ते माले समजस. पहिले वाईट वाटस. मंग राग येस. मंग राग बी येत नई. मंग तेले बी तेच खरं वाटाले लागस. तुना हातवर तुना भरोसा राह्यना नई. ते सांग ना सरळ! तिना डोळासवर काबर ढकलस?"

भूपेंद्र तरातरा घरात निघून गेला. आत्यांचं म्हणणं त्याला पटलं नाही, असं नाही. पण ते मान्य केलं असतं तर मग सगळं त्याच्याच माथ्यावर आलं असतं आणि तेवढं पेलायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. भित्र्या माणसाला सत्य सांगणाऱ्याचा राग येतो तो यासाठीच.

शिबिराच्या दोनच दिवस आधी ज्योत्स्नाच्या भाचीचं बारसं आलं. तिचा भाऊ कुंदन धुळ्याला देवपुरात राहतो. त्याला पहिली मुलगी झाली होती. जावयाने बारशाला जायलाच हवं. सुगंधाबाईंनी बाळासाठी झबली-टोपडी आणि चांदीचे वाळे दिले आणि दारातून बजावलं, "तिकडून तसाच शिरपूरला जा. ज्योत्स्नाला मात्र आत्ताच आणू नको. शिबिर होऊन जाऊ दे."

कुंदनचं घर बायकांनी गजबजलेलं होतं. घुगऱ्यांचा वास, पाळण्याला झेंडूच्या माळा, पेढ्यांचं ताट. भूपेंद्रचं कौतुकही झालं, "टीव्हीवरचे जावई" म्हणून दोघींनी ओळख करून दिली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इकडे तिकडे बघितलं, पण ज्योत्स्ना कुठे दिसेना. पाळणा म्हणायची वेळ झाली. बाळाचं नाव आत्याने कानात सांगायचं असतं. बाळाची आत्या म्हणजे ज्योत्स्नाच! पण नाव सांगायला शेजारच्या एका काकू पुढे झाल्या.

भूपेंद्रने कुंदनच्या बायकोला, चारुलताला, बाजूला गाठून विचारलं, "वहिनी, ज्योत्स्ना कुठे आहे?"

चारुलताने त्याच्याकडे बघितलं. बाळंतपणाने तिचा चेहरा उतरला होता, पण डोळ्यांत राग होता. "मागे भांडी घासतायत. तुम्हाला माहीत नाही?"

"काय?"

"भाऊजी, बाळाला कावीळ झाली होती. दवाखान्यात काचेत ठेवलं होतं, निळ्या उजेडाखाली. हे आणि सगळे आत जाऊन बघून आले. ताई दारातच उभ्या राहिल्या. आत यायला तयार होईनात. मला म्हणाल्या, वहिनी, मी नको बघायला. माझी नजर चांगली नाही. बाळ घरी आलं तरी तेच. बाळाचं सगळं करतात. कपडे धुतात, शेगडी पेटवून देतात, माझं पथ्याचं जेवण करतात. पण बाळ या खोलीत असलं की ताई पलीकडच्या खोलीत. अजून त्यांनी तिचं तोंड बघितलेलं नाही!"

झुंबरआत्यांचे शब्द भूपेंद्रच्या कानात वाजले: मंग तेले बी तेच खरं वाटाले लागस! अरे, ही तीच ज्योत्स्ना ना, जी हिशेबात कुणाचं ऐकत नव्हती? दोन आणि दोन चारच होतात म्हणून सासऱ्यांशीही वाद घालणारी? तिला आपण हे काय करून ठेवलं! एका चेंडूपायी! स्वतःचा गेलेला धीर तिच्या माथी मारला आणि तिने तो निमूटपणे घेतला, एवढा घेतला की आता ती तान्ह्या लेकराकडे बघायला भिते!

त्याने पाळण्यातून बाळ उचललं. बायका "अहो, अहो" करत राहिल्या. मागच्या दारी ज्योत्स्ना मोठं पातेलं घासत बसली होती. त्याची चाहूल लागून तिने वर बघितलं, त्याच्या हातातलं दुपटं बघितलं आणि गर्रकन भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आणू नका तिला इथे! आत न्या! आत न्या तिला!"

"ज्योत्स्ना, बघ एकदा तिच्याकडे."

"नको. आता कुठे कावीळ उतरलीये तिची." राखेने भरलेल्या हातांनी तिने डोळे झाकून घेतले. "आणि तुम्हीही इथे थांबू नका. परवा तुमचं शिबिर आहे. काळजी करू नका, मी काहीच मनात आणणार नाही. मला आता जमतं ते."

बाळ रडायला लागलं. चारुलता येऊन तिला घेऊन गेली. भूपेंद्र धुण्याच्या दगडावर बसला आणि सहा फूट उंचीचा तो माणूस गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देऊ लागला. तो म्हणाला, मी भ्यालो होतो. मी खोटं बोललो. तुझा काही दोष नव्हता. ज्योत्स्ना भिंतीकडेच बघत राहिली.

"आत्ता असं म्हणताय," ती शेवटी म्हणाली. "पुन्हा चुकाल तेव्हा काय म्हणाल?"

क्षमा मागणं सोपं होतं. तिच्या मनात त्यानेच रुजवलेलं आता शब्दांनी निघणार नव्हतं.

"तू माझ्याबरोबर शिरपूरला चल," तो म्हणाला. "समोर बस." खोटं कशाला सांगू, तिने बघितलं तर, ही भीती त्या घडीलाही त्याच्या मनातून पुरती गेली नव्हती.

"वेड लागलंय का तुम्हाला? करार जाईल!"

"जायचा असला तर तुझ्याविनाही जाईल."

कुंदनने आणि चारुलताने खूप समजावल्यावर ती तयार झाली, पण एका अटीवर. ती येईल, बसेल, पण बघणार नाही.

शिरपूरला कोर्टच्या एका बाजूला पायऱ्यांवर ती एकटीच बसली. संघाचे खेळाडू दोन गटांत खेळायला उतरले. त्या दिवशी भूपेंद्र कोपऱ्यात पळाला नाही. त्याने हात वर करून चेंडू मागितला. मिळाला की टाकला. काही आत गेले. बरेच बाहेर गेले. बाहेर गेल्यावर त्याने पुन्हा मागितला. शेवटी फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहून त्याने पायऱ्यांकडे बघितलं. ज्योत्स्ना डोळे गच्च मिटून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. त्याने चेंडू टाकला. तो रिंगवर आपटून बाहेर आला. दुसराही बाहेरच आला.

प्रशिक्षक चांगले गृहस्थ होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आज तू चेंडू मागत होतास, ते बघून बरं वाटलं मला. पण हात परत आलेला नाही, भूपेंद्र. या वर्षी नाही जमणार."

इतक्या वर्षांची मेहनत दोन वाक्यांत संपली. भूपेंद्र कसाबसा पायऱ्या चढून वर गेला.

"डोळे उघड. संपलं."

"घेतलं ना तुम्हाला?"

"नाही."

ज्योत्स्नाचा चेहरा पांढराफटक पडला. "मी बघितलं नाही हो! शपथ घेते! एकदाही नाही बघितलं!"

"माहीत आहे मला."

"मनातसुद्धा नाही आणलं. मी पाढे म्हणत होते. एकोणीसचा, एकोणतीसचा, सगळे! एक क्षणही तुमचा विचार केला नाही!"

"मग चेंडू बाहेर कशाने गेला?"

ती पुन्हा शपथ घ्यायला लागली, पण त्याने तिला थांबवलं.

"तू बघितलं नाहीस. विचारही केला नाहीस. तू तर इथे असूनही नव्हतीस. मग कशाने गेला? सांग ना, ज्योत्स्ना. गणित आहे हे. सोडव."

खाली कोर्टवर खेळाडू पिशव्या भरत होते. तिने त्या रिकाम्या रिंगकडे बघितलं. मग त्याच्या हातांकडे बघितलं. वर्गात फळ्यावरचं चुकलेलं उदाहरण शोधताना ती जशी बोलत असेल, तशा आवाजात ती शेवटी म्हणाली,

"तुमच्या हातातून गेला."

"हो!" भूपेंद्र ओरडला. सगळे वळून बघायला लागले, पण त्याला त्याची पर्वा नव्हती. "माझ्या हातातून गेला! तेव्हाही माझ्याच हातातून जात होता! पहिल्या मॅचपासून!"

एवढं बोलून तो तिच्या शेजारी बसला आणि त्याला रडू फुटलं. करार गेला होता. उद्यापासून काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं. हात परत येईल की नाही, हेही माहीत नव्हतं. आणि दोष द्यायला आता कुणी उरलं नव्हतं. ज्योत्स्ना त्याच्याकडे बघत होती. कितीतरी महिन्यांनी ती त्याच्याकडे सरळ, डोळे न चुकवता बघत होती, आणि त्याने तोंड फिरवलं नाही.

"जाताना धुळ्याला उतरू," ती म्हणाली. "मला बाळ बघायचंय."

धुळ्याला पोचल्यावर ती चप्पलही न काढता खोलीत शिरली. पाळण्यापाशी मात्र थबकली. हात पुढे गेला, मागे आला. भूपेंद्रने पुढे होऊन मदत केली नाही. मग तिने स्वतःच वाकून बाळाला उचललं, उजेडात नेलं आणि डोळे भरून बघितलं. चारुलता दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

वाचकहो, भूपेंद्र पुन्हा मोठ्या संघात गेला, असं सांगून मी तुम्हाला खूश करू शकलो असतो. तसं झालेलं नाही. तो जळगावला सराव करतो, चुकतो, पुन्हा टाकतो, आणि कित्येक दिवस त्याला अजूनही अंथरुणातून उठावंसं वाटत नाही. पण त्याच्या घरात आता कुणाला गच्चीवर पाठवत नाहीत. तो बाहेर निघाला की झुंबरआत्या त्याच्यासमोर उभ्या असतात. सुगंधाबाईंना हे अजून पुरतं रुचलेलं नाही, पण त्या गप्प बसतात.

अपयश कुणाला चुकलंय? पण ते आलं की आपण घरातलं सगळ्यांत कमी बोलणारं माणूस शोधतो आणि त्याच्या डोळ्यांवर, पायांवर, कपाळावर ते मारून मोकळे होतो. त्याने आपला धीर परत येत नाही, मात्र त्या माणसाचा जातो. पायगुण, नजर, अपशकुन ही सगळी भित्र्यांनी दुबळ्यांवर लादलेली ओझी आहेत. ती आपल्या घरातून आजच काढून टाका. चूक आपल्या हातून झाली, एवढं मोठ्याने म्हणायला शिका. म्हणताना लाज वाटेल, कदाचित रडूही येईल, पण तुमच्या शेजारचं माणूस पुन्हा मान वर करून बघू लागेल.